लघुमूर्तींसाठी कॉन्ट्रास्ट रंग

लघुमूर्ती, म्हणजे युद्धखेळांतल्या छोट्या प्रतिकृती, रंगवण्यासाठी 'सिटाडेल कॉन्ट्रास्ट' ही रंगमालिका २०१९ मध्ये आल्यापासून रूढ झालेल्या या पारदर्शक ॲक्रिलिक रंगाचा एकच हात फिकट प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) दिला, की तो खाचांत साचून गडद होतो आणि उंचवट्यांवरून ओसरून तिथे उजळ छटा ठेवतो. २८ मिलिमीटरच्या ऑर्कच्या (कल्पित राक्षसी योद्ध्याच्या) मूर्तीच्या खांद्यावरचे केसाळ कातडे आणि दंडावरच्या फुगलेल्या शिरा त्यात इतक्या सुरेख उठून दिसल्या, की वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि ड्रायब्रशिंगचे (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळण्याचे) वेगळे टप्पे करावेच लागले नाहीत. सपाट ढालीवर किंवा झग्यावर मात्र रंग साचतो आणि वाळल्यावर डाग उमटतात, त्यामुळे जादा रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा. हाताळणीने कडांचा रंग निघतो, म्हणून वरून मॅट व्हार्निश हवेच. मोठी फौज रंगवायची असेल त्यांनी हा रंग जरूर घ्यावा. चेहऱ्यांसाठी मी एकावर एक पातळ थर देत छटा उजळवण्याचीच पद्धत वापरेन.