ट्रॉलीच्या सेफ्टी साखळ्या बदलल्या, एक पूर्ण हंगाम वापरून झाल्या, माझा अनुभव

मागच्या दसऱ्याच्या आधी दोन्ही ट्रॉल्यांच्या सेफ्टी साखळ्या, म्हणजे जोडणारी पिन निघाली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून लावतात त्या, बदलल्या होत्या. आता कारखान्याचा पट्टा पडून महिना झाला, जरा निवांत आहे म्हणून लिहायलो. आमचं गाव केज तालुक्यातलं, ऊस धारूरचा घाट उतरून खाली कारखान्याला जातो, ट्रॅक्टरमागं दोन चारचाकी ट्रॉल्या, आणि येताना रिकाम्या ट्रॉलीत कधी टोळीतली माणसं, त्यांची लेकरं, भांडीकुंडी. आदल्या हंगामात मागच्या ट्रॉलीची पिन निघाली होती. साखळी होती की, पण हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर आणलेली, तिची एक कडी उघडली आणि ट्रॉली सरळ हरभऱ्याच्या रानात. त्या दिवशी वर कोणी नव्हतं. पण आदल्याच खेपेला तिच्यात चार लेकरं बसून आली होती, त्यामुळं त्या रात्री मला झोप काही लागली नाही.

साखळी लातूरहून घेतली, चेनपुली-क्रेनचं सामान विकणाऱ्याकडून. ग्रेड ८० ची. ग्रेडचा आकडा म्हणजे पोलादाची ताकद, ८० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणावर तुटणार, किलोवर मिळते ती साधी साखळी ३० च्या आसपासची असते. खरी असेल तर ठरावीक अंतरानं कडीवर ८ किंवा ८० ठोकलेलं दिसतं, ते हातानं चाचपून घ्या, बिलावर विश्वास ठेवू नका. माझी एक भरलेली ट्रॉली काट्यावर दहा टनाच्या आत भरते, दोन्ही मिळून वीस टन. ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीच्या मधल्या साखळीवर दोन्हींचा भार येणार म्हणून तिथं १३ मिमीच्या दोन, उचलायला ५.३ टनाच्या, तुटायला त्याच्या चौपट म्हणजे २१.२ टन. एक तुटली तरी दुसरीनं एकटीनं सगळं धरलं पाहिजे असा हिशोब. मागच्या ट्रॉलीला १० मिमीच्या दोन, त्या १२.६ टनाला तुटतात, तिथं तेवढ्या पुरतात.

खरा घोळ टोकाला असतो. दुकानदारानं आधी शॅकल काढून दिले, म्हणजे पिन घालून बंद करायच्या यू आकाराच्या कड्या. १३ मिमीच्या कडीत जो शॅकल जातो त्याची पिन १६ मिमीची आणि त्याच्यावर २ टन कोरलेलं, म्हणजे साखळी ५.३ ची आणि टोक २ टनाचं, मग एवढी महाग साखळी घेऊन उपयोग काय? परत केले. ट्रॉलीकडून त्याच साखळीच्या मापाची जोडकडी आणि ट्रॅक्टरकडून लॅचवाले, म्हणजे तोंडावर स्प्रिंगची पट्टी असलेले हूक घेतले, सगळं ग्रेड ८० चं. उघड्या तोंडाचे एस हूक तर घेऊच नका, खड्ड्यात उसळी बसली की बाहेर.

फिटिंगला वेल्डरकडं नेलं तर तो म्हणला, "मालक, शेवटची कडी डायरेक दांडीलाच मारून देतो की, कशाला प्लेट अन् भोक?" मी नाही म्हणलं. या साखळीला कारखान्यात उष्णता देऊन मजबूत केलेलं असतं, वेल्डिंगची आच लागली की तेवढी जागा कमजोर होते. दांडीच्या दोन्ही बाजूंना १६ मिमीची प्लेट मारून घेतली, भोकाच्या कडा घासून गोल केल्या, साखळी त्यात. ट्रॅक्टरकडं पण हुकाच्या पिनेत साखळी अडकवली नाही, वेगळं ब्रॅकेट बोल्ट केलं, कारण पिनच गेली तर तिच्यासोबत साखळी पण जाणार ना.

दोन्ही साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घ्यायच्या, डावीकडची उजवीकडं. ढील किती? बांधावर पूर्ण वळण घेऊन बघायचं, तिथं ताण यायला नको आणि सरळ चालताना खाली वीतभर जागा राहिली पाहिजे. पहिल्या पंधरा दिवसांत माझी चूक झाली, ढील जास्त ठेवली, साखळी डांबरावर घासली आणि खालच्या दोन कड्या व्हर्नियरवर १३ च्या १२.४ भरल्या. दहा टक्के झिजली की बाद धरायची, तोवर गेली नव्हती पण जीव हळहळला. लांबी कमी करायला ड्रायव्हर लोक साखळीला पीळ देतात ते करू नका, पिळलेली कडी वाकड्या ताणात येते. मी जोडकडी दोन कड्या अलीकडं घेतली.

जानेवारीत एकदा खरंच वेळ आली. भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या, घाट उतरून खाली आल्यावर एका गावाजवळ स्पीडब्रेकर, पिन वर येऊ नये म्हणून घालतात ती आर क्लिप तुटली आणि पहिल्या ट्रॉलीची पिन उडाली. चुलतभाऊ चालवत होता. त्याला एक धक्का जाणवला, मागं बघितलं तर दांडी फुलीवर बसलेली, रस्त्याला टेकली नव्हती, ट्रॉली मागं येतीच आहे. त्यानं कचकन ब्रेक मारला नाही हे फार बरं केलं, मारला असता तर वीस टन ट्रॅक्टरवर आलं असतं. गियरमध्येच हळूहळू कडेला घेतलं. मी पोहोचलो तेव्हा तो तिथंच मातीत बसला होता, हात कापत होते.

घरी आणून दोन्ही साखळ्या मापल्या. नवीन असताना ११ कड्यांची आतली लांबी वहीत लिहून ठेवली होती, ४२९ मिमी. डावी तेवढीच, उजवी ४३२ झाली होती. दोन्हींची ढील सारखी नव्हती, उजवी एका कडीनं आखूड म्हणून सगळा झटका तिनं खाल्ला. माप मर्यादेच्या आतच होतं, तरी मी उजवी काढलीच.

तक्रारी म्हणाल तर आहेत. १३ मिमीची मीटरला पावणेचार किलोच्या वर भरते, रात्री फडात अंधारात दोन-दोन हूक लावायचे म्हणजे ड्रायव्हर वैतागतो आणि एकच लावून निघतो, मला रोज स्वतः बघावं लागलं. काळी माती लॅचमध्ये भरून वाळली की स्प्रिंग बसतच नाही, तारेच्या ब्रशनं साफ करून ऑइल टाकावं लागतं. गंज पण धरते. किंमत साध्या साखळीपेक्षा बरीच जास्त आहे, पण यंदा परत घ्यायची झाली तरी हीच घेणार.

काढलेली उजवी साखळी शेजारच्या गावातला एकजण दुसऱ्या ट्रॉलीसाठी मागायला आला होता. दिली नाही, ग्राइंडरनं तुकडे करून भंगारात टाकली.