डेअरीचं सुट्टं लोणी, फेब्रुवारीतलं आणि श्रावणातलं

कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी डेअरी आहे, नाव नको, तिथलं सुट्टं गाईचं लोणी गेल्या फेब्रुवारीपासून घेतेय. पाव किलो १६० रुपये, म्हणजे किलोला ६४०. आता लिहितेच एकदा काय ते.

पहिल्यांदा आणलं तेव्हा डोकंच फिरलं. गाईचं म्हणून दिलेलं लोणी कापसासारखं पांढरंफट्ट, आणि घट्ट इतकं की थालीपिठावर ठेवलं तर कडेने वितळतंय पण मधला गोळा तसाच. मला वाटलं झालं, म्हशीचं मिसळलंय. कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते म्हणून तिचं लोणी पांढरं, गाय थोडं कॅरोटीन तसंच दुधात सोडते म्हणून तिचं पिवळसर, एवढं मला माहीत होतं. गेले भांडायला. तर मालक म्हणतो, "मावशी, म्हशीचं नाही ओ, गोठ्यावर येऊन बघा की."

गेले मग खरंच, पिरंगुटच्या पुढे आहे गोठा. म्हैस एकही नाही, सगळ्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या गाई. दावणीत बघितलं तर कडब्याची कुट्टी, सरकी पेंड आणि गोळी पेंड, हिरवं नावाला. तिथे डोक्यात प्रकाश पडला, कडबा वाळतो तेव्हाच त्यातलं बरंचसं कॅरोटीन गेलेलं असतं मग लोण्यात रंग येणार कुठून, आणि सरकी जास्त खाल्ली की लोणी घट्ट होतं. हे माझं ज्ञान नाही हां, कपाशीच्या पट्ट्यातल्या तुपासाठी अ‍ॅगमार्कला निकषच वेगळे ठेवावे लागले होते ते या सरकीपायीच. कॅनडात २०२१ मध्ये लोणी बाहेर ठेवूनही मऊ होईना म्हणून केवढी बोंब झाली, तिकडे संशय गाईंना घालतात त्या पाम तेलाच्या फॅटवर होता. थोडक्यात माणूस खोटं बोलत नव्हता, मीच उगाच तणतणले.

श्रावणात परत आणलं, गोठ्यात हिरवा मका आणि नेपियर गवत सुरू झालं होतं. काय सांगू, फिक्कट पिवळं, बोटाने पसरेल असं, भाकरीवर ठेवलं की मुरतंय. पाव किलो दोन दिवसात संपलं. भाव तोच. (पाकिटातल्या टेबल बटरचा पिवळेपणा बघून कुणी हुरळून जाऊ नका, घटक वाचा, बऱ्याच ठिकाणी अनाटो म्हणजे शेंदरीच्या बियांचा रंग लिहिलेला सापडेल.)

आता तक्रार. पाणी! लोणी नीट धुवून पिळत नाहीत. पाव किलो कढवलं तर तूप निघालं १८० ग्रॅम, बाकी पाणी नि बेरी. पाकिटातल्या बटरमध्ये निदान ८० टक्के फॅट असावंच लागतं. जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तेव्हा, सप्टेंबर २०२५ मध्ये, अमूलची १०० ग्रॅमची वडी ६२ ची ५८ झाली, म्हणजे नुसत्या फॅटचा हिशोब केला तर तिथे किलोला ७२५ पडतात आणि इथे ८९० च्या आसपास. मीठवालं बटर कुणी कढवत नाही ते सोडा, पण सुट्टं म्हणजे स्वस्त हा भ्रम आहे. शिवाय हे लोणी सेपरेटरच्या क्रीमचं, विरजण लावलेलं नाही, त्यामुळे ताकाचा तो आंबूस वास नाही. आमच्या आईने एका घासात ओळखलं, म्हणाली "हे लोणी नव्हे गं, साय आहे घुसळलेली."

तर श्रावण ते दिवाळी खायला घ्या, डोळे झाकून घ्या. तूप करायला नको. उन्हाळ्यात घेणार असाल तर आधी मालकाला विचारा गाईंना सध्या काय घालताय, तो खरं सांगतो. आणि सकाळी नऊच्या आत जा, नंतर उरतं ते कालचं असतं.