डीपीएक्स फ्रेम्स आणि ग्राफिक्समॅजिक: आठ महिने वापरल्यावर

मामांनी 1981 च्या जोतिबाच्या चैत्री यात्रेत 16 एमएमवर शूटिंग केलं होतं, कलर निगेटिव्ह, चारशे फुटांची दोन रिळं. चाळीसेक वर्षं ट्रंकेत पडून. डबा उघडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, म्हणजे फिल्म आतून सडायला लागलेली, मग घाईघाईने एका लॅबमधून स्कॅन करून आणली. लॅबने हार्डडिस्क दिली आणि त्यात एमपीफोर बिमपीफोर काही नाही, नुसत्या डीपीएक्स फाइल्स, सिनेमावाले स्कॅन केलेल्या फ्रेम साठवायला वापरतात तो फॉरमॅट. एका फुटात 40 फ्रेम, चारशे फुटात 16,000, आणि प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल, पावणेतेरा एमबीची. 11 मिनिटांच्या एका रिळाला 204 जीबी! माझ्या लॅपटॉपने डिस्क बघूनच मान टाकली.

पैसे देऊन ग्रेडिंगचं (रंग जुळवायचं) सॉफ्टवेअर घ्यायचं नव्हतं, लिनक्सच आहे घरी, म्हणून ग्राफिक्समॅजिक धरलं, चित्रांच्या फाइल्स बदलणारं फुकट सॉफ्टवेअर. हे 2002 मध्ये इमेजमॅजिक या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं, बॉब फ्रिझनहान सांभाळतात, आणि फिल्मच्या फॉरमॅट्सकडे यांनी मनापासून लक्ष दिलंय हे डॉक्युमेंटेशन वाचतानाच कळतं. खिडक्या-बटणांची सवय असेल तर आधीच सांगतो, इथे सगळं काम टर्मिनलवर, कमांड टाइप करून.

पहिली गोष्ट, इन्स्टॉल केल्यावर जीएम व्हर्जन (जीएम ही त्याची कमांड) मारून क्यू16, म्हणजे प्रत्येक रंगाला 16 बिट, लिहिलंय का ते बघा. क्यू8 असेल तर तुमच्या 10 बिट फाइलच्या प्रत्येक रंगातल्या 1024 पायऱ्या गुपचूप 256 होतात आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात, आणि तुम्ही स्कॅनरला शिव्या घालत बसता. मी घातल्या, दोन दिवस.

आता खरी गंमत. पहिल्या रिळाची फ्रेम उघडली तर गुलाल निळाजांभळा! जोतिबाच्या डोंगरावर सगळे निळे, सासनकाठ्या निळ्या, माणसांचे चेहरे थेट भुतासारखे. मामांना स्क्रीनशॉट पाठवला तर फोन आला, "अरे हे काय पंचगंगेत बुडवून काढलंस का?" मला वाटलं रीळच गेलं. पण डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलेलं सापडलं की डीपीएक्सच्या स्टँडर्डचे काही भाग गोंधळात टाकणारे आहेत, त्यामुळे काही 10 बिट फाइल्समध्ये लाल आणि निळा उलटे येतात, आणि त्यासाठी स्वॅप-सॅम्पल्स नावाचा डिफाइन (कमांडला जोडायचा पर्याय) दिलाय. तो लावला आणि गुलाल गुलाबी झाला. एवढंच. मी खुर्चीतून उठून चहा टाकला.

हे असं का होतं ते नंतर समजलं. डीपीएक्स कोडॅकच्या सिनिऑन या फॉरमॅटवरून आलं, एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेने 1994 मध्ये त्याचं स्टँडर्ड केलं आणि 2003 मध्ये सुधारलं. फाइलच्या सुरुवातीला 2048 बाइट्सचं हेडर, म्हणजे आत काय कसं भरलंय याची नोंद. 10 बिटचे तीन रंग म्हणजे 30 बिट, ते 32 च्या डब्यात भरायचे, उरलेले दोन बिट एका पद्धतीत खालच्या टोकाला तर दुसऱ्या पद्धतीत वरच्या, बाइट्सचा क्रमही दोन्हीपैकी कुठलाही चालतो. न भरलेल्या रकान्यात सगळे बिट एक ठेवायचे असा नियम, पण लिहिणारी सॉफ्टवेअरं तिथे खुशाल शून्य ठेवतात. म्हणजे हेडर म्हणजे आपल्याकडचा सातबारा, कागदावर एक आणि शेतात दुसरंच. वाचणाऱ्या प्रोग्रामला कागदावर विश्वास ठेवावा लागतो आणि ठेवूनही चालत नाही. मला ग्राफिक्समॅजिकमध्ये आवडलं ते हेच, ते आधी हेडरचं ऐकतं, पण एंडियन (बाइट्सचा क्रम), रंगांचा क्रम, लॉग (फिल्मच्या घनतेप्रमाणे लिहिलेले आकडे) की लिनियर (प्रकाशाच्या प्रमाणात), सगळं तुम्ही हाताने ठणकावून सांगू शकता. हे स्विच कुणी हौसेने घातलेले नाहीत, प्रत्येकामागे कुणाची तरी निळी झालेली फ्रेम असणार.

दुसरी ठेच मात्र पूर्ण माझ्या चुकीने लागली. पहिले दोन महिने मी सरळ डीपीएक्सचं टिफ (नेहमीचा चित्रांचा फॉरमॅट) करत होतो. हेडरमध्ये प्रिंटिंग डेन्सिटी लिहिलेलं असलं की प्रोग्राम डेटा लॉग समजतो आणि लिनियर करून देतो, त्यात 95 म्हणजे काळा आणि 685 म्हणजे पांढरा. पण 685 ते 1023 मध्ये काय असतं? उन्हात उडालेल्या गुलालाचा ढग, देवळाच्या कळसावरची चमक, सगळं तिथेच. ते सपाट पांढरं झालं. कलरस्पेस आरजीबी असा डिफाइन दिला की हे रूपांतर होत नाही, आकडे जसेच्या तसे राहतात, चित्र धुतल्यासारखं फिकट दिसतं पण काही हरवत नाही. तीन हजार फ्रेम परत केल्या. दुसऱ्या रिळाला उलटा प्रकार, डेटा लॉग पण हेडरमध्ये लिनियर, तिथे सिनिऑनलॉग सांगावं लागलं तेव्हा नीट बघता आलं. एकाच लॅबची दोन रिळं बरं का ही.

आता माझी पद्धत बसलीय: डीपीएक्सचं 16 बिट टिफ, क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये धूळ आणि ओरखडे काढायचे, परत 10 बिट डीपीएक्स. हात न लावलेली एक फ्रेम अशीच फिरवून जीएम कंपेअरने तपासली, फरक शून्य. पण टिफमध्ये गेलं की हेडरमधला फ्रेम रेट, फ्रेम क्रमांक वगैरे गळून जातं, ते सेट हा पर्याय वापरून परत भरावं लागतं. आणि टिफ प्रत्येकी 19 एमबीचं होतं, त्यामुळे सगळं रीळ एकदम करायला जाऊ नका, आधी 24 फ्रेम करून बघा. मूळ डिस्कला तर मी हातच लावत नाही, तिची कॉपी रॉकुक्ड या सॉफ्टवेअरने एफएफव्हीवन या काही न गमावणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये बांधून ठेवलीय, हवी तेव्हा तीच डीपीएक्स बिट न बिट परत मिळते.

सिनेमाच्या फॉरमॅट्सचं फुकट सॉफ्टवेअरमध्ये काय होतं हे बघायचं तर गिंप या फुकट फोटो एडिटरचंच बघा. 1998 मध्ये हॉलिवूडच्या गरजेतून फिल्म गिंप निघालं, पुढे त्याचं सिनेपेंट झालं, आणि मूळ गिंपमध्ये 16 आणि 32 बिट यायला 2018 चं 2.10 उजाडलं. वीस वर्षं! आज डीपीएक्स वापरणारे किती, मूठभर. ग्राफिक्समॅजिकचा चेंजलॉग (बदलांची यादी) वाचला तर ओएसएस-फझ या चाचणी सेवेने मोडक्या फाइल्स देऊन शोधलेल्या चुकांच्या दुरुस्त्याच पानभर. हे काम करणाऱ्याला कोण विचारतं. आपल्याकडे चमत्कारिक हेडरची फाइल असेल तर एक फ्रेम तरी त्यांना द्यावी, मी यात्रेच्या रिळाची सुरुवातीची काळी फ्रेम काढून ठेवलीय त्यासाठी.

तक्रार एकच, जीएम डिस्प्लेवर फ्रेम बघणं कंटाळवाणं आहे, एकेक उघडायची म्हणजे गतीचा अंदाजच येत नाही, त्यासाठी मी वेगळा व्हिडिओ बनवतो.

पहिलं रीळ मागच्या रविवारी मामांना दाखवलं. म्हणाले गुलाल अजून थोडा गडद होता. असेल, पण ते भांडण ग्रेडिंगचं, दुसऱ्या रिळाच्या 9,000 फ्रेम उरल्यात, त्या झाल्यावर भांडू.