बावीस हजारांचं रीमॅप आणि पेडलमागची काळी डबी

शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या माणसानं गुडघ्यावर बसून पुढचं उजवं चाक दोन्ही हातांनी धरलं, गदागदा हलवलं आणि मग एक नट चक्क बोटानं फिरवून दाखवला. चारपैकी एक बोटानं फिरला, दुसरा पान्यानं अर्धा वेढा आत गेला. "बडोद्याहून असेच आलात?" त्यानं विचारलं. असेच आलो होतो. पाचशेएक किलोमीटर, बोरघाट चढून, शेजारी भाची बसलेली. आणि चार दिवसांपूर्वी याच चाकांच्या 'चेकअप'चे मी दोन हजार रुपये मोजले होते.

खरं तर हे घरातच राहणार होतं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसानं ड्रॅग रेसची हौस करावी आणि त्यात फसावं, यात मिरवण्यासारखं काही नाही. पण मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा पुतण्या त्याच गॅरेजवाल्याकडे गाडी टाकून आला. तेव्हा म्हटलं, लाज गेली खड्ड्यात, लिहून टाकू.

माझी गाडी म्हणजे २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट. ११९७ सीसी, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ६००० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला इतके फेरे) ८७ पीएस ताकद आणि ४००० ला ११४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. दांडिया बाजारातून अलकापुरीला ऑफिस, रविवारी सेव उसळ, गणपतीत मूर्ती आणायची, एवढाच तिचा पराक्रम. ड्रॅग म्हणजे सरळ ४०२ मीटर, जुन्या मापात पाव मैल. दोन गाड्या शेजारी उभ्या, समोर दिव्यांचा खांब, पिवळे दिवे लागून हिरवा झाला की सुटायचं. लोणावळ्याच्या पुढे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती बरीच वर्षं होत आल्यात आणि रोजच्या वापरातल्या गाड्यांनाही तिथे भाग घेता येतो, हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता.

मकरपुऱ्याच्या बाजूला एक गॅरेज आहे. नाव लिहीत नाही. बाहेर दोन खाली बसवलेल्या गाड्या, आत लॅपटॉप, भिंतीवर चौकटींचा झेंडा. मालक पस्तिशीचा, बोलायला लाघवी. मी 'ड्रॅग' हा शब्द उच्चारताच त्यानं खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मग कागदावर 'पॅकेज' लिहून दिलं: रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती बदलणं) २२,०००, इरिडियमचे स्पार्क प्लग ४,२००, ब्रेक ऑइल आणि पॅड ३,३००, चाकं-बॅटरी चेकअप २,०००. एकूण ३१,५००. पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पाकुं बिल जोईए तो अढार टका जुदा, साहेब." अठरा टक्के वाचवले म्हणून मी मनात खूश. दहा हजार मोबाइलवरून पाठवले (ते खातं भलत्याच नावाचं निघालं, तेव्हा लक्ष दिलं नाही), बाकीचे रोख.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. त्यानं मला शेजारी न बसवता थेट स्टिअरिंगवर बसवलं आणि म्हणाला, "जरा पग मूको." पाय नुसता टेकवला आणि गाडी अशी उसळली की माझं डोकं मागे आपटलं. "गाडी नहीं, गोळी थई गई!" हा त्याचा शेरा. मी दात काढत घरी आलो. सोबत रंगीत छापलेला डायनोचा कागद, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा आलेख, त्यावर ११२ पीएस. आणि इरिडियम प्लगची चार रिकामी खोकी. "जपून ठेवा, वॉरंटी आहे."

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खोकी उलटीपालटी करून बघितली आणि एकच विचारलं, "जुने प्लग कुठायत?" मी म्हटलं, "त्यांचं काय करायचंय बाबा, भंगार ते." बाबा काही बोलले नाहीत, पेपर वाचायला लागले. त्यांची ही सवय मला माहीत असायला हवी होती.

त्या गॅरेजवाल्यानं आणखी एक शहाणपणा केला होता. वजन कमी म्हणून स्टेपनी, जॅक आणि पाना घरीच काढून ठेवायला लावला. स्टेपनी काढायचीच असते, पण ती धावपट्टीवर पोचल्यावर! पाचशे किलोमीटर हायवे स्टेपनीशिवाय तुडवणं हा निव्वळ गाढवपणा, आणि तो माझा. पंक्चर झालं नाही हे नशीब.

तर तपासणी. नटांनंतर बॉनेट उघडलं. बॅटरीची लोखंडी पट्टी जागेवर नाही, तिच्याऐवजी ट्यूबची कापलेली रबरी पट्टी ताणून बांधलेली. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण लख्ख पुसलेलं, आत मात्र उकळून उरलेल्या चहाच्या रंगाचं तेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलं की त्याचा उकळबिंदू घसरतो. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपास उकळायला लागतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे पाय खाली जातो नि गाडी थांबत नाही. तपासणीवाला शांतपणे म्हणाला, "हे तीन करून आणा, मग बघू."

तिथे उपयोगी पडला तो नाशिकचा एक मुलगा. योगायोग असा, की त्याचीही २०१२ चीच पेट्रोल स्विफ्ट, काहीही न केलेली. त्यानं टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) दिला, बॅटरीला पट्टी जुगाडून दिली, तेल बदलायला हात लावला. काम चाललेलं असताना मी आपला फुशारकी मारतोय, की माझी रीमॅप केलेली आहे. त्यानं विचारलं, "नंबर बघितलात का?" त्याच्याकडे गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचं ते छोटं ओबीडी यंत्र होतं, मोबाइलला जोडलं की गाडीचा कॉम्प्युटर वाचता येतो. त्यात कॅलिब्रेशनचा एक क्रमांक असतो आणि त्याच्या पडताळणीचा दुसरा, त्याला सीव्हीएन म्हणतात. आतली माहिती बदलली की हा पडताळणीचा आकडा बदलायला हवा. त्यानं आधी स्वतःची गाडी वाचली, मग माझी. दोन्ही आकडे सारखे, शेवटच्या अक्षरापर्यंत.

हुशार ट्यूनर, म्हणजे रीमॅप करणारा, हा आकडा मुद्दाम जुनाच दाखवू शकतो, असंही त्यानं सांगितलं. म्हणून एवढ्यावर निकाल लावला नाही. तो पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरला, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "काका, हे बघा तुमचं रीमॅप."

अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलमागून निघणारी वायर आणि गाडीची मूळ वायर यांच्या मधोमध काडेपेटीएवढी काळी डबी खोचलेली होती. वर काळा चिकटटेप गुंडाळलेला, टेपच्या फटीतून निळा दिवा लुकलुकतोय. या गाडीत पेडल आणि इंजिन यांच्यात तारेचा दोर नाही, पेडल किती दाबलं हे विजेनं कळवलं जातं. ही डबी मधल्यामध्ये खोटं बोलते. तुम्ही वीस टक्के दाबता, ती इंजिनला सांगते पन्नास. म्हणून पाय टेकवताच गाडी उसळते. पण पूर्ण दाबलेलं पेडल पूर्णच असतं, शंभराचे एकशेवीस होत नाहीत. आणि ड्रॅगमध्ये सुटल्यापासून शेवटपर्यंत पाय तळालाच असतो! म्हणजे ज्या एका कामासाठी मी ती घेतली, नेमक्या त्याच कामात तिचा उपयोग शून्य. बाजारात अशी डबी चार-पाच हजारांत मिळते. त्यानं ती काढली, मी पेडल दाबलं, आणि माझी जुनी, समजूतदार स्विफ्ट परत आली.

आलोच आहोत तर पळवू म्हटलं. दुपारी दुसऱ्या तपासणीत पास झालो. सुटण्याच्या रेषेआधी पाण्याचं डबकं असतं, त्यातून टायर तापवायला चाकं गरगर फिरवायची असतात ती शर्यतीच्या टायरवाल्यांनी. साध्या टायरनं त्याला वळसा घालून जायचं, नाहीतर मडगार्डमधून पाणी ठिबकत बसतं. एसी आधीच बंद. पुढच्या टायरमधली हवा दोन-तीन पीएसआय कमी. टाकीत पाव पेट्रोल पुरे: २० लिटर कमी भरलं की १५ किलो आपोआप उतरतात, फुकटात. पहिल्या फेरीत दिवा हिरवा झाला तेव्हा मी दिव्याकडे बघतच राहिलो, पण वेळेचं घड्याळ चाक सुटण्याच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून हलल्यावर सुरू होतं, त्यामुळे निदान आकडा बिघडला नाही. तिसऱ्या फेरीत नाशिककर शेजारच्या लेनमध्ये. तो १८.७ सेकंद, मी १८.९. शेवटच्या टप्प्यात वेग माझा ताशी ११९, त्याचा १२०.

भाची कलाभवनात मेकॅनिकलला आहे (सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं, आता विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी, पण आमच्याकडे अजून कलाभवनच). परतीच्या वाटेवर भरुचजवळ जेवायला थांबलो तेव्हा तिनं तो रंगीत कागद मागितला. "मामा, सुटताना तू घोळ घातलास तर वेळ बिघडेल, पण शेवटचा वेग साधारण ताकदीवर ठरतो, वजन तेच असेल तर ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात. ८७ चे ११२ झाले असते तर १२० चे १३० दिसायला हवे होते." मग पेन काढून म्हणाली, "आणि हा आलेख तर हिशेबालाच धरून नाही." पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. कागदावर ६००० आरपीएमला टॉर्क १०५ दाखवलाय. गुणून भागा: ८९.७. त्याच रेषेवर, त्याच ठिकाणी ताकद मात्र ११२ छापलेली. ११२ साठी तिथे १३१ टॉर्क लागतो. गुणाकार-भागाकार पाचवीतला, आणि मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये! ताळेबंदात एक रुपया इकडेतिकडे झाला तर रात्री झोप येत नाही मला. या कागदाकडे मी हिशेब म्हणून बघितलंच नव्हतं, प्रशस्तिपत्र म्हणून बघितलं होतं.

बडोद्यात बाबांनी प्लग काढले. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं. हे चार जाडजूड टोकाचे, माझेच जुने, तारेच्या ब्रशनं घासून परत बसवलेले. ब्रेक पॅडवर पॉलिश पेपरचे ओरखडे.

आम्ही तिघं गॅरेजात गेलो. मालक आधी हसला. मग म्हणाला, तिथे उंची आहे, हवा पातळ, गाडी मरतेच. हा माणूस निव्वळ खोटं बोलत नाही, अर्धं खरं बोलतो, तेच जास्त धोक्याचं. लोणावळा सहाशे मीटरच्या वर आहे आणि उंचीवर इंजिनाची ताकद खरंच उतरते. पण मग शेजारच्या लेनमधली साधी स्विफ्ट काय समुद्रकिनाऱ्यावर पळत होती? यावर तो म्हणाला, "रात्री गोल्डन चौकडीच्या पुढे हायवेवर या, मी पळवून दाखवतो." भाचीनं तिथल्या तिथे सांगितलं, की रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. आणि तिथे आपटलो असतो तर विमाही नाही. गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. धावपट्टीवरही हेच लागू, हे मला पॉलिसी नीट वाचल्यावर कळलं. म्हणजे ते सैल नट तिथे निसटले असते तर गाडी माझ्याच खिशातून उभी करायची होती.

पैशांचं म्हणाल तर, पक्कं बिल नसल्यामुळे हात बांधलेले. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली, पॅकेजचा हस्ताक्षरातला कागद, मोबाइलवरची दहा हजारांची नोंद, त्याचे "थई जशे साहेब"वाले मेसेज आणि डबीचे फोटो जोडले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे त्याला शांतपणे ऐकवलं. आठवड्याभरात नऊ हजार परत आले, पुन्हा तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून. बाकीच्यांवर मी पाणी सोडलेलं नाही.

आता तो पुतण्या. त्याची पोलो डिझेल, 'स्टेज वन'चे, म्हणजे पहिल्या पायरीच्या रीमॅपचे, त्यानं अठ्ठावीस हजार दिले. परवा संध्याकाळी तो आमच्याकडे आला, मी माझा कागद काढला, त्यानं त्याचा. वर गाडीचं नाव आणि आकडे वेगळे. खाली बारीक अक्षरांत वेळ सकाळी ११:४२, तापमान २७ अंश, दोन्हीकडे. रेषेला मध्यावर एक बारीकसा खळगा पडलाय, तोही दोन्हीकडे त्याच जागी. भाचीनं कागद एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. त्याच्या गाडीची सर्वाधिक ताकदही ६००० आरपीएमलाच छापली होती, आणि त्याचं डिझेल इंजिन तिथवर फिरतच नाही.