दोन गाड्या, दोन एनसीबी: दीड वर्षाच्या वापरानंतरचा हिशोब

दुसरी गाडी घेताना डीलरच्या टेबलावर हमखास एक प्रश्न येतो: जुन्या गाडीवर ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत) आहे, तो नवीवर लागेल ना? जुनी विकणार असाल तर लागेल. जुनी ठेवणार असाल तर नवीचा एनसीबी शून्यापासून सुरू होतो. नियम एवढाच आहे, पण त्याचे पैशांतले परिणाम पहिली दोन रिन्यूअल होईपर्यंत नीट लक्षात येत नाहीत.

हा अनुभव एकाच मालकाच्या नावावरच्या दोन खासगी गाड्यांचा आहे. एक जुनी, १२०० सीसीची. दुसरी नवी, १५०० सीसीच्या आतली. पॉलिसी दोन, रिन्यूअलच्या तारखा दोन. जुनीचं रिन्यूअल दोनदा झालं, नवीचं एकदा. खालचे ओडीचे (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे) आकडे गोल करून दिले आहेत. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचे, आकडे १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकातले आहेत.

आधी पाया. एनसीबी फक्त ओडीवर मिळतो. थर्ड पार्टीच्या हप्त्यात एक रुपयाही कमी होत नाही. क्लेम न करता पहिलं पूर्ण वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. त्यापुढे पायरी नाही. एक क्लेम झाला की पुढच्या रिन्यूअलला शून्य. एनसीबी गाडीचा नसतो, विमा घेणाऱ्या माणसाचा असतो, पण एका वेळी तो एकाच गाडीवर बसतो. दोन गाड्या म्हणजे दोन वेगळ्या शिड्या. एकीवर क्लेम केला म्हणून दुसरीची पायरी घसरत नाही. दोन पॉलिसींच्या या व्यवस्थेतली सर्वांत चांगली गोष्ट हीच.

आता खटकणारा भाग. जुन्या गाडीचा ओडी सवलतीआधी ८,००० होता, म्हणजे तिचे ५० टक्के म्हणजे ४,००० रुपये. नवीचा पहिल्या वर्षाचा ओडी २४,०००. तोच एनसीबी तिच्यावर बसला असता तर १२,००० वाचले असते, १८ टक्के जीएसटी धरून १४,१६०. टक्के तेच, पण ते कुठल्या रकमेवर बसलेत यावर सगळं अवलंबून. आणि फरक एका वर्षात संपत नाही. नवी गाडी ५० ऐवजी शून्यावरून सुरू झाली की पाच वर्षांत ५०, ३०, २५, १५ आणि ५ असे एकूण १२५ टक्के हातचे जातात. दर वर्षी आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) उतरते आणि ओडीही त्यामागे उतरतो, म्हणून प्रत्यक्ष रक्कम २४,००० च्या सव्वापटीपेक्षा कमी भरते, तरी किरकोळ नक्कीच नाही. जुनी गाडी 'असू दे दारात' म्हणून ठेवणाऱ्यांनी हा खर्चही त्या गाडीच्या खात्यात लिहावा.

जुनी विकायचीच असेल तर क्रम महत्त्वाचा. नव्या गाडीची पॉलिसी नोंदणीच्या आधी निघते, म्हणून जुन्या गाडीच्या विमा कंपनीने दिलेलं एनसीबीचं पत्र त्याआधी हातात हवं. ते मिळण्यासाठी जुनी गाडी विकल्याचा पुरावा लागतो: फॉर्म २९ आणि ३० च्या (आरटीओतल्या मालकीबदलाच्या अर्जांच्या) सहीशिक्क्याच्या प्रती, विक्रीपत्र किंवा गाडी ताब्यात दिल्याची पावती, पॉलिसीची प्रत आणि अर्ज. काही कंपन्या एवढ्यावर पत्र देतात, काही खरेदीदाराच्या नावाची आरसी दिसेपर्यंत हलत नाहीत. एक्स्चेंजमध्ये गाडी दिली की घोळ इथेच होतो, कारण डीलर गाडी घेतो पण ती पुढच्या गिऱ्हाइकाला विकली जाईपर्यंत आरसीवर नाव तुमचंच राहतं. तेव्हा आपल्या कंपनीला नेमके कोणते कागद चालतात हे बुकिंगच्या दिवशीच विचारावं, डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी नाही.

नवी आधी घेतली आणि जुनी तीन महिन्यांनी विकली, तर नवीची पॉलिसी शून्यावर निघालेली असते. मधूनच तिच्यावर ५० टक्के चढवा म्हटलं की कंपन्या सहसा नकार देतात. तो एनसीबी बुडत नाही, पत्र घेऊन राखून ठेवता येतो, पण या गाडीला त्याचा उपयोग झाला नाही तो नाहीच.

विकलेल्या गाडीची पॉलिसी तशीच सोडून देणं ही दुसरी चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे खरेदीदाराने १४ दिवसांत विमा नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. नावबदल करताना कंपनी उरलेल्या काळाचा एनसीबी परत मागते, कारण तो विकणाऱ्याने कमावलेला असतो. आपल्या उदाहरणात सहा महिने उरले असतील तर २,००० रुपये आणि जीएसटी. हे कोण भरणार हे सौदा ठरतानाच बोलून घ्यावं, नाहीतर खरेदीदार नावबदलच टाळतो आणि तुमचं पत्र अडकून पडतं.

डीलरकडच्या विमा काउंटरवर 'एनसीबी लावून देतो' असं फार सहज म्हटलं जातं. जुनी गाडी दारात, पत्र हातात नाही, आणि तरी नव्या पॉलिसीवर ५० टक्के छापलेले दिसले तर आनंदून जाऊ नका. एनसीबी घेताना जे घोषणापत्र जातं त्यात माहिती चुकीची निघाल्यास पॉलिसीच्या पहिल्या भागाचे, म्हणजेच ओडीचे, सगळे लाभ जप्त होतील असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करून घेते, आणि बिंग नेमकं मोठ्या क्लेमच्या वेळी फुटतं. १२,००० वाचवायला जाऊन लाखाचं बिल अंगावर. पॉलिसी हाती आल्यावर शेड्यूलमधली एनसीबीची ओळ त्याच दिवशी वाचावी. चूक असेल तर काही नुकसान होण्याआधी कंपनीला लेखी कळवून फरक भरावा आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचा कागद, घ्यावी. एजंटने फोनवर 'काही होत नाही' म्हटलं याला कागदावर किंमत नाही.

दीड वर्षात सर्वांत उपयोगी पडलेला भाग म्हणजे क्लेम करावा की खिशातून भागवावं याचा हिशोब. एक क्लेम म्हणजे एका वर्षाची सवलत गेली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे, कारण शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते. प्रत्येक पायरीवरून क्लेम केल्यास पुढच्या पाच वर्षांत एकूण किती सवलत जाते ते काढलं तर असं दिसतं: सध्या एनसीबी शून्य असेल तर ओडीच्या ५० टक्के, २० असेल तर ८०, २५ असेल तर १०५, ३५ असेल तर १२०, आणि ४५ किंवा ५० असेल तर १२५ टक्के. ओडी स्थिर धरून हे आकडे आहेत. तो दर वर्षी उतरतो म्हणून थोडी सूट द्यावी.

आता हे दोन्ही गाड्यांना लावून बघू. जुनीचा पुढचा बंपर फुटला. बंपर ७,०००, रंग ४,०००, मजुरी १,०००, एकूण बिल १२,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा पैसे देऊन घेतलेली सोय) नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,५०० गेले. रंगाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे आणखी ५००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचा भाग, १,००० रुपये. हाती ७,०००. त्यासाठी जुनीवर गमावलेला एनसीबी १०,०००, जीएसटी धरून ११,८००. क्लेम तोट्याचा.

तेच नुकसान नवीचं झालं, आणि तिला झिरो डेप आहे, तर हाती ११,००० येतात. तिचा एनसीबी शून्य आहे, गमावण्यासारखं काहीच नाही असं वाटतं. पण रिन्यूअलचा ओडी २०,००० धरला तर ५० टक्के म्हणजे १०,०००, करासकट ११,८००. बरोबरीत, किंबहुना किंचित तोटा. पुढच्या वर्षी ती २० टक्क्यांवर गेली की क्लेमने जाणारी सवलत ८० टक्क्यांची, म्हणजे आणखी महाग. 'नवीवर बिनधास्त क्लेम करा, जुनीचा एनसीबी जपा' हा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांचा नवीचा ओडी जुनीच्या तिप्पट आहे त्यांना तो लागू होत नाही. आमच्या हिशोबात जुनीची मर्यादा साधारण दहा-अकरा हजार निघाली, नवीची पहिल्या वर्षी तेवढीच आणि नंतर दर वर्षी वर सरकत जाणारी. मोठ्या अपघाताला अर्थातच हा विचार करायचा नसतो. विमा त्यासाठीच आहे.

एका पॉलिसी वर्षात एकदा क्लेम झालाच असेल तर त्याच वर्षातल्या दुसऱ्या क्लेमने एनसीबी आणखी कमी होत नाही, तो आधीच शून्य झालेला असतो. पण प्रत्येक घटना वेगळी कळवायची, तिची वजावटही वेगळी. दोन ठिकाणचे ओरखडे एका अपघाताच्या नावावर खपवायला गेलं की सर्व्हेयरला ते दिसतं.

एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम झाला तरी एनसीबी टिकवणारं ऍड-ऑन (जादा हप्त्याचं पूरक कव्हर), जुनीवर घ्यावं का? १२५ टक्क्यांची किंमत माहीत असली की उत्तर सोपं होतं: ८,००० च्या ओडीवर जास्तीत जास्त दहा हजार वाचणार, त्यासाठी दर वर्षी किती मोजायचे ते कोटेशनशी ताडून पाहा. शिवाय दुसऱ्या कंपनीत जाताना तो 'वाचवलेला' एनसीबी मानला जाईलच असं नाही, कारण नवी कंपनी मागच्या वर्षी क्लेम झाला का एवढंच विचारते. नवीवर पहिल्या वर्षी वाचवायला काही नसतं, तेव्हा प्रश्नच नाही.

सगळ्यात मोठा सापळा नव्या गाडीच्या तीन वर्षांच्या थर्ड पार्टीत आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम घ्यावं लागतं. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचे १०,६४० रुपये होतात. ओडी मात्र बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांची तारीख दिसते आणि ओडी संपल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. ओडी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केला नाही तर एनसीबी गेला. शिवाय खंड पडला की गाडीची तपासणी होते आणि तोवरचं नुकसान सर्वस्वी तुमचं. दोन गाड्यांच्या घरात हे जास्त घडतं, कारण एका गाडीची आठवण ठेवली की दोन्हींची ठेवली असं वाटतं. फोनमध्ये दोन्ही ओडीच्या तारखांचे वेगळे रिमाइंडर लावावेत. दोन्ही तारखा एक करण्यासाठी मध्येच सहा महिन्यांची पॉलिसी घेण्याची कल्पना सोडून द्यावी. एनसीबीची पायरी पूर्ण बारा महिन्यांचीच मोजली जाते.

रिन्यूअलला कोटेशनची तुलना करताना एनसीबीचे टक्के बघू नका, ते सगळीकडे सारखेच असतात. कंपनीची स्वतःची सूट आधी वजा होते आणि एनसीबी उरलेल्या रकमेवर. म्हणून सारख्याच आयडीव्हीवर, सारख्याच ऍड-ऑनसह, सगळं वजा जाता राहिलेल्या आकड्याची तुलना करावी. आयडीव्ही खाली ओढून स्वस्त दाखवलेलं कोटेशन ओळखायला शिकायला एक रिन्यूअल जावं लागतं. कंपनी बदलली तरी एनसीबी सोबत येतो, जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस जपून ठेवलेली बरी.

दोन गाड्यांचा एक खरा फायदा एनसीबीत नाही, अपघात विम्यात आहे. मालक-चालकाचं १५ लाखांचं सक्तीचं अपघात कव्हर माणसाला असतं, गाडीला नाही. १ जानेवारी २०१९ पासून ते वेगळं घेता येतं. एकदा असलं की दुसऱ्या पॉलिसीतून काढून टाकता येतं. डीलरच्या पॉलिसीत ते न विचारता घातलेलं असतं. ती ओळ खोडायला सांगा.

नावाबद्दल थोडंसं. नवऱ्याच्या एनसीबीवर बायकोच्या नावाची गाडी बसत नाही. हयातीत तो दुसऱ्याला देता येत नाही. मालकाच्या निधनानंतर गाडी जोडीदार, मुलं किंवा आई-वडिलांकडे गेली तरच एनसीबी त्यांच्याकडे जातो. दुचाकीचा एनसीबी कारला चालत नाही, आणि खासगीचा पिवळ्या पाटीच्या टॅक्सीलाही नाही. प्रकार एकच लागतो. जुलै २०२२ पासून एका मालकाच्या अनेक वाहनांना एकत्र धरणारी फ्लोटर पॉलिसी विकायला परवानगी आहे. ती घेण्याआधी एका गाडीचा क्लेम दुसरीच्या एनसीबीला लागतो का, हा प्रश्न लेखी विचारा. वेगळ्या पॉलिसींचा जो मुख्य फायदा आहे तोच तिथे हरवणार असेल तर हप्त्यातल्या सवलतीला अर्थ उरत नाही.

राखून ठेवलेल्या एनसीबीचं पत्र आधीची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षं चालतं आणि एकाच गाडीला एकदाच. पत्र आलं की त्यावरचा टक्का, गाडीचा नंबर आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग आरसीशी ताडून पाहा. आडनावातल्या एका अक्षरासाठीही ते परत येतं, आणि तोवर नवी गाडी शोरूममध्ये उभी असते.