फियाट डिनो २४०० घेताना माझी झालेली फसवणूक

जुनी इटालियन गाडी घ्यायचा विचार असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा, माझं झालं ते तुमचं होऊ नये.

मी स्टुटगार्टला नोकरी करतो. लहानपणी घरी बाबांची पद्मिनी होती, तिला आम्ही सगळे फियाटच म्हणायचो, वेड तेव्हापासूनचं. बरीच वर्षं पैसे साठवले आणि शेवटी दोनच गाड्या मनात राहिल्या, अल्फा रोमिओ माँट्रियल आणि फियाट डिनो कूपे. दोन्हींची बॉडी बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीची. माँट्रियलला २.६ लिटरचा व्ही८, २०० हॉर्सपॉवर, मूळ रेसिंगच्या टिपो ३३ चं इंजिन, पण तिचा स्पिका कंपनीचा, पेट्रोल सोडणारा इंजेक्शन पंप नीट सेट करणारा माणूस शोधत फिरावं लागतं. डिनोला फेरारीचा व्ही६ आणि वेबर कंपनीचे साधे कार्बोरेटर. फेरारीला फॉर्म्युला टू शर्यतींच्या नियमासाठी या इंजिनाच्या ५०० गाड्या बनलेल्या दाखवायच्या होत्या, त्यातून ही फियाट जन्मली. आधी २ लिटरची होती, १९६९ मध्ये २४००, म्हणजे २.४ लिटरची, आली, मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, १८० हॉर्सपॉवर. मला तीच हवी होती.

तुरीनजवळच्या एका डीलरकडे दोन्ही उभ्या होत्या. त्याने माँट्रियलची इतकी भीती घातली की मी तिचं बॉनेटसुद्धा उघडून बघितलं नाही. डिनो मात्र मी पोचायच्या आधीच चालू करून गरम करून ठेवलेली, गरम इंजिनात बरेच दोष लपतात, तेव्हाच शंका यायला हवी होती. वर संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणाला, आणि मी तिथेच सही केली. कागदावर एक ओळ होती, ‘विस्ता ए पिआचुता’, म्हणजे पाहिली आणि पसंत पडली.

गाडी इकडे आली, ओळखीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने खिशातलं छोटं लोहचुंबक इंजिनच्या ब्लॉकला लावलं, ते घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. तो काही बोललाच नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. २४०० चा ब्लॉक बिडाचा असतो, त्याला चुंबक घट्ट चिकटतं, २ लिटरचा अॅल्युमिनियमचा. मग टॉर्च मारून नंबर वाचला, २४०० चा १३५सी हवा तिथे २ लिटरचा १३५बी. म्हणजे गाडी खरी २४००, सस्पेन्शन खरं, कागद खरे, फक्त इंजिन काढून घेतलेलं. २.४ चा तोच व्ही६ फेरारीच्या डिनो २४६ मध्ये असतो, ती गाडी कितीतरी महाग, म्हणून फियाटची इंजिनं तिकडे जातात आणि मागे मिळेल ते बसवतात.

डीलर म्हणतो तुम्ही बघून घेतलीत. वकिलाने सांगितलं केस होऊ शकते, पण इटलीत लढावी लागेल, वेळ आणि खर्च दोन्ही लागेल. मी लढतोय.

तुम्ही बघायला जाल तेव्हा इंजिन थंड ठेवायला सांगा, ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो आधी मागवा, त्या डीलरशी संबंध नसलेला मेकॅनिक सोबत न्या, आणि तो नंबर करारात लिहून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. परवा त्याच डीलरने आणखी एक लाल डिनो विकायला काढलीय, २४०० म्हणूनच, वीसेक फोटो आहेत आणि इंजिनचा एकही नाही.