टेरोसॉरच्या पाऊलखुणांचा संच: ठसे उत्तम, माहितीपत्रक सदोष

लक्ष्मीपुरीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी टेरोसॉर या उडणाऱ्या सरीसृपांच्या पाऊलखुणांच्या प्रतिकृती घेतल्या. संचात प्लास्टरच्या दोन पाट्या आणि एक माहितीपत्रक आहे.

पाट्यांचे काम खरोखर चांगले आहे. मागच्या पायाचा ठसा लांबट, टाचेकडे निमुळता व चार बोटांचा आहे, तर हाताचा ठसा तीन बोटांचा असून बाहेरच्या बाजूस वळलेला आहे. पंख पेलणारे चौथे बोट चालताना दुमडून वर धरलेले असे, म्हणून ते सहसा उमटत नाही. ही गोष्ट मुलांना पाटीवरच दाखवता येते. टॉर्च आडवी धरली की दाबाने वर आलेल्या चिखलाची कड स्पष्ट दिसते, पूर ओसरल्यावर पंचगंगेकाठच्या गाळात बगळ्याच्या पावलांभोवती दिसते तशीच. एका पाटीवर ओतकामातील बुडबुड्यांचे खड्डे राहिले आहेत आणि मुले त्यांना नखांच्या खुणा समजतात, एवढीच काय ती उणीव.

पत्रकाने मात्र निराशा केली. टेरोसॉर हे डायनासोर नव्हेत, तरी त्यात त्यांना ‘उडणारे डायनासोर’ म्हटले आहे, आणि पाटीवर हाताचे ठसे असूनही चित्रातला प्राणी दोन पायांवर चालतो! वास्तविक या ठशांवरून मोठा वाद झाला होता. अ‍ॅरिझोनातील ठसे टेरोसॉरचे असल्याचे सांगून विल्यम स्टोक्स यांनी १९५७ मध्ये त्यांना ‘टेराइक्नस’ हे नाव दिले. १९८४ मध्ये पॅडियन व ओल्सन यांनी ते मगरीच्या कुळातील प्राण्याचे असावेत असे मांडले. पुढे फ्रान्समधील क्रेसाक येथे जुरासिक काळाच्या अखेरच्या चिखलात उमटलेल्या ठशांच्या रांगांवरून टेरोसॉर चार पायांवर चालत, हे पटण्याजोगे सिद्ध झाले. तेथील एका रांगेत तर प्राणी जमिनीवर उतरल्याची नोंद आहे: मागची दोन्ही पावले आधी शेजारी टेकतात आणि हात नंतर. ही रांग संचात असती, तर जास्त पैसे मोजायला आमची हरकत नव्हती.

पाट्यांवर मोजपट्टीही नाही. दक्षिण कोरियातील हेनाम येथील ठसे सुमारे ३५ सेंटीमीटर लांब आहेत, त्यामुळे प्रतिकृती मूळ आकाराची आहे की लहान केलेली, हे छापणे आवश्यक होते. दुकानदारांनी दोन्ही सूचना उत्पादकाला कळवण्याचे मान्य केले आहे. तोवर पाट्या जरूर घ्याव्यात आणि चित्र शिक्षकांनी फळ्यावर स्वतः काढावे.